मागच्या एक्सलचे दात

बाबा, तुम्हाला लिहीन लिहीन म्हणत नऊ वर्षं टाळलं. आधी अक्षर वाईट म्हणून, मग गावं बदलत राहिलो म्हणून, आणि खरं तर सांगण्यासारखं काही केलंच नव्हतं. सध्या परदेशात, नोव्हाय गावी ताईकडे आहे. भाऊजी संगणकावर गिअरचे आराखडे काढतात, हाताला ग्रीसचा डाग नाही. मी मात्र दिवसभर शेजारच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजात असतो. त्याच्याकडे पन्नास वर्षांहून जुनी मसल कार आहे: दोन दारं, लांब नाक, आणि इंजिन ट्रकला लाजवील असं. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा ते माझ्या छातीत वाजलं, मी बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिलो. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्या खालून सडतात. हिला त्यानं मीठ कधी दाखवलं नाही. असो, भरकटलो.

अडचण अशी, की त्याची बायको अकरा वर्षं या गाडीत बसलेली नाही. हायवेला इंजिन इतकं ओरडतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणते. त्याला तर तिला घेऊन उत्तरेच्या तळ्यावर जायचंय, चार तासांची वाट. "मागे ३.०८चा गिअर आहे, एक्सलवरच्या पट्टीवर लिहिलंय. याहून शांत काय बसवणार?" तो म्हणाला. ३.०८ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे तीन. आकडा चढला की ओढ वाढते, आवाजही. मी एक चाक जॅकवर घेतलं, खडूची खूण केली आणि चाक दोनदा फिरवलं. "एकदा फिरवून मोजता येत नाही का रे?" तो हसला.

आणि मी एकदम तुमच्या वाडी नाक्यावरच्या गॅरेजात. आयटीआय नुकतीच सोडलेली. ट्रकचं एकच चाक वर आहे, मी ते एकदा फिरवून ऐटीत आकडा सांगतो, आणि तुम्ही पाना रोखता. "काऊन बे, दुसरं चाक जमिनीवर गप बसलं आहे, त्याचा वाटा कोण मोजणार?" एक चाक अडलं की वरचं दुप्पट फिरतं, त्यामुळे माझा आकडा बरोब्बर अर्धा आलेला असतो.

इथं शाफ्ट चार वेळा फिरला, वर थोडा. म्हणजे कुणीतरी कधीच ४.१० बसवून पट्टी जुनीच ठेवली होती. म्हातारा स्टुलावर बसला. "अकरा वर्षं मी तिलाच म्हणत होतो, तुझे कान नाजूक झालेत."

बाबा, ४.१० काढायला माझंच मन होईना. सिग्नल सुटला की पाठ सीटला चिकटते. पण तुम्ही ट्रक उघडण्याआधी ड्रायव्हरला विचारायचात, कुठं चालवतोस, काय लादतोस. मी तेच विचारलं, आणि उत्तर तर त्यानं आधीच दिलेलं: बायकोला घेऊन तळ्यावर. खरा ३.०८चा क्राउन-पिनियन, म्हणजे दातांची जोडी, मागवला. "हिचे दात उपटतोयस पोरा," तो कुरकुरला. मी म्हटलं, "काका, इंजिन एवढं आहे, हिरड्यांनीही ओढेल." त्याला काका म्हणजे काय ते आता कळतं.

दात बसवताना ठसा बघायला तुम्ही तेलात शेंदूर कालवून लावायचात. शेजारचा टायरवाला चिडवायचा, "घरात देव नाही, अन् गॅरेजात शेंदूर?" तुम्ही म्हणायचात, "दगडाला नाही लावत, दाताला लावतो." इथं ट्यूबमधला पिवळा रंग मिळतो. तो लावून फिरवलं, आणि प्रत्येक दाताच्या मधोमध, ना टोकाला ना मुळाशी, सारखा ठसा उमटला. लोखंडावर लोखंड इतक्या हळुवार टेकतं हे मला नवं नव्हतं, तरी बराच वेळ बघत बसलो.

कबूल करायचं ते हे, की म्हाताऱ्यानं विचारलं, "दोनदा फिरवायचं कुठं शिकलास?" तेव्हा मी म्हणालो, "व्हिडिओत बघून." तुमचं नाव काढलं असतं तर डोळे पुसावे लागले असते, आणि तो माझ्याकडेच बघत होता. तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, म्हणून हे टूलबॉक्सच्या तळाला ठेवतो.

थांबतो. गॅरेजात कधी पाय न ठेवणारी त्याची बायको दारात उभी आहे, डोक्याला रुमाल बांधून. "बोलता येतं का, बघायला आलेय," म्हणते, आणि कुणी काही म्हणायच्या आत गाडीत बसलीसुद्धा.