मासळीच्या बर्फातला डबा

पत्र्याचा डबा, दोन खटके, एक फिरवायचं बटण आणि थोडं कथील: सारं चहा-भज्यांच्या पैशात झालं. आतले जुन्या बनावटीचे दोन ट्रान्झिस्टर मात्र बाजारात मिळत नाहीत. त्यांच्यापायी माझ्या वहिनीच्या घरात सोळा वर्षं रेडिओ वाजला नाही. डब्याची खरी किंमत ही, आणि हा कागद लिहायला बसलो तो तिच्यामुळेच.

मी, गुरुप्रसाद आत्माराम पालशेतकर, वय एकाहत्तर, धंदा रेडिओ व लाउडस्पीकर दुरुस्ती, राहणार मिऱ्या, रत्नागिरी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. बंद खोक्यात काय सुटलंय ते मी खोकं हलवून सांगतो. मार्चमध्ये केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. कारण कलम चारमध्ये आहे.

कलम १. राहतं घर, मागचं परसू आणि बँकेतली शिल्लक पत्नी मनिषा हिला. माळ्यावरचे भोंगे तिने खुशाल भंगारात द्यावेत. लग्न झाल्यापासून ती दुसरं काही मागत नाही.

कलम २. दुकान, मीटर आणि हत्यारं शिवाला. तो माझ्या हाताखाली शिकला आणि आता माझ्याहून वेगाने काम करतो. मात्र गणपतीत नेलेला माझा चांगला माइक त्याने विसर्जनात पाण्यात पाडला आणि आधीच खरखरत होता म्हणून सांगितलं. तो खरखरत नव्हता. हे त्याला लेखी कळावं.

कलम ३. डबा मुलगा अजिंक्य याला. मुंबईहून तो गिटार घेऊन आला आणि त्याने मला साठ सालानंतरची एक विलायती तबकडी ऐकवली. त्यात गिटारचा एक सूर शंखासारखा उठतो, गांधीलमाश्यांसारखा घुमतो आणि तुटता तुटत नाही. हा आवाज आता पैसे टाकूनही मिळत नाही, असं तो म्हणाला. हा डबा बनवून गिटारची तार त्यातून नेली आणि मी तो मिळवला. आतला माल उन्हाने बिघडतो, म्हणून वाजवण्याआधी डबा मासळीच्या थर्माकोल पेटीत बर्फावर ठेवायचा, ही युक्तीही माझीच. अजिंक्यच्या कार्यक्रमात लोक बांगड्याचा वास कुठून येतो ते शोधत बसतात. असा आवाज देशात दुसऱ्या कोणी काढलेला नाही आणि तो मी नुसत्या कानाने घडवला, असं मी भेटेल त्याला सांगत आलो.

कलम ४. आमच्या भिंतीला भिंत लावून आवडाबाई राहते, माझा थोरला भाऊ जानू याची बायको. दादाचा रेडिओ होडीवर असायचा. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला की तो रेडिओत नवे सेल घालायचा आणि मगच पहिली फेरी. दादा गेल्यावर रेडिओ बंद पडला आणि वहिनी तो माझ्याकडे घेऊन आली. स्पीकरची तार सुटली होती, एवढंच. पण ते दोन ट्रान्झिस्टरही दिसले. ते मी डब्यासाठी काढून घेतले आणि सांगितलं, "वहिनी, हा आता होत नाही."

तिने रेडिओ परत नेऊन फळीवर ठेवला. तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला ती त्या मुक्या रेडिओत नवे सेल घालते. सेल मी आणून देतो.

माझ्यामागे ट्रान्झिस्टर परत बसवावेत, असं मार्चमध्ये लिहिलं होतं. वकील विनोदने वाचून विचारलं, "काका, आवडाबाई तुमच्याहून मोठ्या. आधी गेल्या तर कोणासाठी बसवायचे?"

म्हणून परवा, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मीच डबा उघडला आणि तिच्यासमोर बसून रेडिओ जोडला. सेल गेल्या वर्षीचेच होते, खाऱ्या हवेने उतरलेले. स्टेशन लागलं. कोणीतरी गात होतं, आणि तो गळा शंखासारखा उठून घुमायला लागला. माझा हात बटणावरच राहिला.

वहिनी म्हणाली, "सेल उतरले की असाच गायचा तो, भावोजी. तुमच्या डब्यातनं पण हाच यायचा. भिंत कुठं जाड आहे आपली."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"वाटायचं, तुमच्याकडं तरी वाजतोय ना."

क्षमा मागायचे शब्द मी घरून जुळवून नेले होते. ते तसेच परत आणले.

कलम ५. रेडिओ आवडाबाईचा आहे. माझ्या मालमत्तेत तो कोणी धरू नये. अजिंक्यला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, काकीला विचारायचं होतंत." त्याला डबा मिळेल, पण रिकामा. बर्फाची पेटीही त्याचीच.

कलम ३ मधला आवाज मी घडवलेला नाही. जानूदादाच्या रेडिओचे सेल उतरले की तो आपोआप येतो.

सही: गुरुप्रसाद आत्माराम पालशेतकर
आमच्यासमोर सही केली: मृणाली खवळे, हेतल शहा
मिऱ्या, रत्नागिरी. १० ऑगस्ट २०२५