मातकट पिसाचा गळ

तीर्थपुरीजवळची वस्ती,
८ एप्रिल १९७३, रविवार

तीर्थरूप रामकिसनदादास सत्यशीलाचा जयभीम.

तुझं पत्र पोचलं. इकडे मी, बेबीनंदा आणि सासूबाई, तिघीही बऱ्या आहोत. दुष्काळ सगळ्यांनाच आहे, आमच्याकडे काही वेगळा मुक्कामाला आलेला नाही. वहिनींना आणि मुलांना जयभीम सांग.

पुढच्या रविवारी मला आणि लेकीला माहेरी, भोकरदनला न्यायला येतोस म्हणून लिहिलंस. त्याआधी माझं थोडं ऐकून घे.

बाबा गेल्यावर त्यांची गळांची डबी तुम्ही भावांनी वाटून घेतली. मी एक मागितला तर हसलात. चकचकीत तारेचे, लाल दोऱ्याचे सोडून मी कोंबडीच्या मातकट पिसाचा उचलला, तेव्हा तू म्हणालास, "पोरीला पारखच न्हाई." दादा, पारख तुलाच नव्हती. बाबा नदीवर जाताना तो एकच गळ न्यायचे. बाकीचे पाहुण्यांना दाखवायला होते.

यंदा नदीत डोह तेवढे उरलेत. जमीन इतकी वाळली की गांडूळ मिळत नाही, आणि पोरीच्या तोंडचं पीठ गळाला कोण लावणार? माझ्या गळाला आमिष लागतच नाही. पाण्यावर नाचवला की बारीक मासे पिसाला किडा समजतात, बुडवून सावकाश ओढला की मोठा मरळ मासा धावतो. पीस झिजलं की सासूबाईंच्या कोंबडीचं नवं बांधते. ती कोंबडी आता मला बघून पळते.

खडीच्या कामावरून सुटले की तासभर डोहावर बसते. आठवड्यातून चार दिवस कालवण होतं. वस्तीतली माणसं आधी हसली, आता गळ कसा बांधायचा ते विचारायला येतात.

दाजी कुठे कामाला आहेत, असं तू विचारलंस. मागच्या तीन पत्रांत मी औरंगाबाद लिहिलं, ते खोटं होतं. दिवाळीआधीच संपत दुसरीबरोबर निघून गेला. तो परत येणार नाही. लिहायची लाज वाटत होती. आता वाटत नाही, लाज त्याला वाटायला हवी. राग मानू नकोस, पण त्याला तुम्ही पसंत केलं होतं. गळ मी निवडला होता.

तुझं पत्र मी काल सासूबाईंना वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "जा बाई, माझ्यापायी राहू नको. त्या पोराची वाट म्या कवाच सोडली. रोज सांजच्याला तुझीच वाट पाहून राह्यले." आज सकाळी उठले तर चुलीपाशी पाच पिसं निवडून ठेवलेली. पाचही मातकट.

तेव्हा रविवारी जरूर ये, पण न्यायला नको, जेवायला ये. आणि इथून पुढे पत्त्यावर त्याचं नाव घालू नकोस, माझं घाल. पोस्टमन मला बराबर ओळखतो.

तुझी पारख नसलेली बहीण,
सत्यशीला