काळे नर, जांभळ्या माद्या

नेपल्स, २१ एप्रिल १९७९

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचा सातवा थर्मास काल रेल्वेच्या गार्डने हातात दिला. बर्फ टिकला होता आणि समुद्रातल्या नर काटेगोळ्यांचं, आमच्या पुस्तकातल्या सी-अर्चिनचं, पांढरं दूध ताजं होतं. दूध म्हणजे काय ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, पण पत्रात दूधच म्हणू. नाहीतर आईला पत्र वाचून दाखवताना तुमची पंचाईत व्हायची.

एवढं शिकून पोर करते तरी काय, असं आईने पुन्हा विचारलंय. तिला सांगा, वीतभर लांब डीएनएचा धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत कोंबलेला असतो. तो गुंतत नाही, कारण काही प्रथिनं त्याला गुंडाळून धरतात, रिळावर दोरा धरावा तसा. नराच्या बीजात ही गुंडाळी सगळ्यात घट्ट. ती घट्ट कोण धरतं, ते मी शोधते.

आता खरी बातमी. तुमच्या दुधातलं एक प्रथिन पुस्तकात दिलंय त्याहून मोठं आहे, आणि धाग्याला असं चिकटून बसतं की जास्तीचं मीठ घातल्याशिवाय सुटतच नाही! आजवर हे कुणी पाहिलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, बारा जूनच्या सभेत तूच मांड. तिथे मान्य झालं तर माझी नोकरी पक्की, नाहीतर सप्टेंबरात गाशा गुंडाळून मोलाला तुमच्याकडे परत. तेव्हा आळस करू नका, अजून तीन थर्मास हवेत.

आईच्या डब्यातल्या कुरकुरीत तराल्ली संपल्या. मॅडमनीच निम्म्या खाल्ल्या.

माया आहेच, ती थर्मासासारखी वेळेवर पाठवत जा.
तुमची एर्सीलिया


मोला, २ मे १९७९

चि. एर्सीलियास, अ. उ. आ.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, तिच्या टोपलीतल्या रिळांना गेली चाळीस वर्षं कुठलंही प्रथिन न लावता गुंता झालेला नाही, आणि नेपल्सच्या विद्वानांना शिकायचं असेल तर तिच्याकडे पाठव. तराल्ली पाठवते आहे, पण मॅडमसाठी वेगळा पुडा आहे, तेव्हा तुझ्या पुड्याला त्यांनी हात लावायचा नाही.

गोळे टोचून दूध काढायला मी धक्क्यावर तू दिलेली सुई घेऊन बसतो तेव्हा सगळे मला डॉक्टर म्हणतात. कुणी गुडघा पुढे करतो, कुणी दात दाखवतो. म्हणू देत. दुधाची काळजी तू करू नकोस. हल्लीची पोरं हाताला लागेल तो गोळा उचलतात. मी एकेक पारखून घेतो. नर कोणता नि मादी कोणती, हे मला या वयात कुणी शिकवायला नको.

एक सांगायचं राहिलं. होडी ओरोन्झोला देऊन टाकली. भाचा असला तरी पोर मेहनती आहे. कारण विचारू नकोस.

सांभाळून रहा, आणि बापाची आठवण ठेव.
साबीनो


नेपल्स, १६ मे १९७९

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

कारण विचारू नकोस म्हणे! ओरोन्झो मागच्या साली बंदरातल्या बंदरात धक्क्यावर आपटला होता, ते विसरलात? तुम्ही रुसलात कुणावर? आईवर रुसला असाल तर होडी कशाला द्यायची, दोन दिवस जेवू नका. तिसऱ्या दिवशी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

दहाही थर्मास पोचले. दर वेळी तेच मोठं प्रथिन दिसलं. मॅडम मोजून तीनदा हसल्या, म्हणजे इथे दिवाळखोर माणसाला घबाड मिळाल्यासारखंच आहे. सभेचे कागद जवळजवळ तयार आहेत, एकच जागा मोकळी राहिली. लोक विचारतील, म्हणून कळवा: एका वेळी तुम्ही किती गोळे टोचता आणि त्यातले किती दूध देतात?

आईला आणि तुमच्या रुसव्याला नमस्कार.
एर्सीलिया


मोला, २४ मे १९७९

चि. एर्सीलियास, अ. उ. आ.

तुझा प्रश्न चार दिवस छातीवर बसलाय. सगळे दूध देतात असं लिहिलं असतं, तर तू तेच छापलं असतंस. पण पोरीशी खोटं बोलवत नाही.

मी फक्त नर आणतो. काळा तो नर, जांभळी ती मादी, हे मोलातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जांभळीला मी हात लावत नाही. तरी एका वेळी साठ टोचले, तर तीसच पांढरं दूध देतात. बाकीचे तीस लालभडक अंडी टाकतात. अंडी मी गुपचूप समुद्रात सोडली आणि तुला दूध तेवढं पाठवलं.

पहिल्या दिवशी वाटलं, चुकून माद्या मिसळल्या. मग रोज तेच. तेव्हा कळलं की माझे डोळे गेले, जांभळं मला काळं दिसायला लागलं. ज्याला आपल्या हातातला गोळा ओळखू येत नाही, त्याने खडकांतून होडी हाकू नये. म्हणून ती दिली. आईला यातलं काही बोललो नाही.

आता भीती एवढीच, की माझ्या डोळ्यांपायी तुझं काम बिघडलं का. बिघडलं असेल तर स्पष्ट लिही.

साबीनो


नेपल्स, ५ जून १९७९

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग मॅडमकडे गेले.

बाबा, काळे नि जांभळे हे नवरा-बायको नाहीतच. त्या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि दोन्हींत नर-माद्या निम्म्या निम्म्या. मी हे पहिल्याच वर्षी शिकले होते, आपला अख्खा धक्का चुकतो म्हणून वर्गात हसलेही होते. आणि दहा थर्मास उघडले तरी गोळ्यांचा रंग कोणता हे एकदाही विचारलं नाही. तेव्हा मूर्ख ठरवायचं असेल तर मला ठरवा, मी पगार घेऊन मूर्खपणा केलाय.

पुस्तकातलं प्रथिन जांभळ्यांचं होतं, मी मोजलं ते काळ्यांचं. माझा शोध गेला. मॅडमनी सभेचे कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, दूध भेसळीचं असेल तर सगळंच गटारात; तसं नसेल तर दोन जाती शेजारी ठेवून कुणाची पकड किती घट्ट, एवढं तरी खरं सांगता येईल. म्हणून आठ दिवस आम्ही दोघींनी दोन्ही रंगांचे गोळे स्वतः टोचले आणि तुमचे दहाही थर्मास पुन्हा तपासले.

जांभळ्याचा एक थेंब सापडला नाही. तीनशे नर, बाबा, आणि एकही चुकीचा नाही! मॅडमनी विचारलं, हे निवडले कुणी? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी, डोळे गेल्यावर.

बारा तारखेला मी तेवढंच मांडणार आहे. छोटं आहे, पण खरं आहे. नोकरी पक्की होत नाही, मॅडमनी आणखी एक वर्ष मागून घेतलंय. तुम्ही होडी परत घ्या.

तुमच्या नजरेतली,
एर्सीलिया


मोला, ९ जून १९७९

चि. एर्सीलियास, अ. उ. आ.

होडी परत घेतली. ओरोन्झोने तिला हिरवा रंग फासलाय, ते मात्र डोळे शाबूत असल्यामुळे सोसावं लागतंय. आईला सगळं सांगितलं. दोन महिने एकट्याने घाबरून बसलो म्हणून तिने मला शिव्या दिल्या आणि नंतर बराच वेळ माझा हात धरून बसली.

धक्क्यावर कुणाचा विश्वास बसेना. मग सगळ्यांसमोर जांभळी घेतली, टोचली, आणि तिने पांढरं दूध दिलं.  तेव्हा एकाने विचारलं, मग साठ वर्षं जांभळीची अंडी म्हणून पावाबरोबर आपण नक्की काय खात आलो? पुस्तकात बघून कळव, सगळे थांबलेत.

सोबत दोन थर्मास पाठवतोय, एक काळ्यांचा, एक जांभळ्यांचा. ओळखायला चिठ्ठ्या चिकटवल्यात, त्या तुझ्यासाठी. मला लागत नाहीत.

तुझा डोळस बाप,
साबीनो