बक्षीस आणि बदलीचा कागद

लुसाका, शुक्रवार

मुटालेच्या आई,

मी सुखरूप आहे, मक्याचा न्शिमा पोटभर मिळतो. तुझा खोकला थांबला का?

भौतिकशास्त्र उत्तम शिकवल्याचा पुरस्कार काल मिळाला. पण माझं नाव सुचवलं कुणी? हेडमास्तर सिंकालांनी! प्रयोगशाळेतले व्होल्टमीटर कुठे गेले, असं मी विचारल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

समारंभाआधी त्यांनी हसत कागद पुढे केला. "सही करा मास्तर. राजधानीत बढती आहे."

"आणि कासामाच्या आपल्या शाळेतल्या पोरांना कोण शिकवणार?"

"बघू की! तुम्ही कशाला डोकं शिणवता?"

मी सही केली नाही. व्यासपीठावर आभार मानले आणि पाहुण्या म्हणून आलेल्या तपासनीस बाईंना म्हणालो, "आमची प्रयोगशाळाही एकदा बघायला या. कपाटं रिकामी आहेत."

सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोमवारी येते."

आज पहाटेच सिंकाला घाईघाईने कासामाला परत निघाले. म्हणून हे पत्र तुला लगेच मिळावं यासाठी बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. दार नीट लावत जा. सोमवारच्या आत व्होल्टमीटर कपाटात परत आले, तर कुणाला काही बोलू नकोस. पोरांना तेच तर हवे आहेत.

तुझी काळजी करणारा,
मुटालेचा बाप