लोण्याचा गोळा

चिरंजीव,

तू भांडून गेलास, तेव्हापासून तुझा कुत्रा अन्नाला तोंड लावेना. मी म्हटलं, तुझ्यासाठी झुरतोय. म्हणून रोज लोण्याचा गोळा भरवला. तो ओकायचा, मी पुन्हा भरवायचो.

आज हिरड्या पिवळ्या दिसल्या म्हणून दवाखान्यात आणला. डॉक्टरीणबाई सोनोग्राफी बघून म्हणाल्या, "काका, पित्ताशयात पित्त घट्ट होऊन बसलंय. पित्ताशय फुटायच्या आत काढायला हवं. आणि लोणी कुणी सांगितलं होतं?"

आत ऑपरेशन चालू आहे. हातात रिकामा पट्टा घेऊन येरझारा घातल्या, आता बाकावर बसून हे लिहितोय. हेही पत्र खिशातच राहणार.

तो झुरत नव्हता रे. घरात झुरणारा एकच होता, आणि तो दोन्ही वेळा पोटभर जेवत होता.

तुझा बाप