क्लोतिल्दची गाठ

शातो-गोंतिए, २६ ऑगस्ट

प्रिय रेमी,

तुझी गवती टोपी नावेतच राहिली होती, ती मी उचलून आणली आहे. मारिव्होनला सांग, तिनं दिलेला प्लमचा मुरंबा आपल्या पापांना आवडला. ते चमच्यानं नुसताच खातात. आणि ज्युस्तिनला माझ्याकडून एक मुका दे. तुझी नात आठ वर्षांची पोर, पण आठवडाभर पहाटे उठून माझ्याबरोबर धक्क्यावर पाव आणायला यायची, आणि परत येईपर्यंत पावाचं टोक आम्ही दोघी मिळून फस्त केलेलं असायचं.

आठवडा सुंदर गेला, हे मी खोटं लिहीत नाही. छत्तीस वर्षं तू जलद्वारावर लोकांच्या नावा वर चढवल्यास, खाली उतरवल्यास, निवृत्त झाल्यावर म्हणालास, "क्लो, आता एकदा आपणच सुट्टीवाल्यांसारखे नावेत बसू. जलद्वार दुसऱ्यांना उघडू दे!" मला किती आनंद झाला होता. सदुसष्टाव्या वर्षी मी आपल्या मायेन नदीवर नव्या मुलीसारखी बसले होते. बंधाऱ्याखालचे बगळे, पाण्यावर ओणवलेले पॉप्लर, दुपारी थंड सायडर आणि तुझी ती पुन्हापुन्हा तीच शिट्टी. वाटत होतं, बारा वर्षांची असताना माझ्याकडून जे गेलं, ते कुणीतरी हळूच परत आणून देतंय.

मग दुसऱ्या दिवशी ते ऐकलं. आपल्या पुढं एका डच कुटुंबाची नाव जलद्वाराच्या हौदात पाण्याबरोबर खाली उतरत होती. त्यातल्या बापानं दोर खुंट्याला गुंडाळायला घेतला, तशी वरून जलद्वारवाला ओरडला, "ओ साहेब! क्लोतिल्द करू नका! क्लोतिल्द करू नका!" मी दचकून वर पाहिलं. मला वाटलं, मलाच हाक मारतोय. तू पोट धरून हसलास. "अगं, नदीभर हेच म्हणतात आता. हौदात दोर बांधला की ती क्लोतिल्दची गाठ. माझीच कृपा!" ज्युस्तिननं विचारलं, का? तर तू तिला मांडीवर घेऊन सांगितलंस. पाणी उतरताना दोर हातात धरायचा, हळूहळू सोडायचा; बांधला तर पाणी खाली जातं आणि नाव वरच लटकते. "आणि तुझ्या क्लो आजीनं नेमका तो बांधला! बाराची होती. नाव लटकली, पणजोबा कुऱ्हाड घेऊन धावले, दोर तुटला आणि त्याच्या फटक्यात त्यांची दोन बोटं गेली." पोरीनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग तिची बिस्किटं माझ्यापुढं सरकवली. रेमी, त्या बिस्किटांची मला जेवढी लाज वाटली, तेवढी गेल्या पंचावन्न वर्षांत कशाची वाटली नव्हती.

मी तुझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता डोळा मिचकावशील. निदान नजर तरी चुकवशील. तू माझ्याकडे सरळ, प्रेमानं पाहिलंस. तेव्हा कळलं की तू खोटं बोलतच नाहीयेस. तुझ्यापुरतं ते खरं झालंय.

पुढचे चार दिवस मी एका वाक्याची वाट पाहत होते. आपण लहानाचे मोठे झालो त्या ल रोशेच्या जलद्वारापाशी रात्रीचा मुक्काम होता, तेव्हा जेवताना मी मुद्दाम विचारलं, "रेमी, त्या दिवशी सायकल शर्यतीचा टप्पा कुणी जिंकला रे?" तू लोणी लावता लावता म्हणालास, "नाव आठवत नाही, पण शेवटची चढण काय रंगली होती! मी स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून होतो, तेवढ्यात आईची किंकाळी." मारिव्होन म्हणाली, "याला शर्यत बरोबर आठवते, लग्नाचा वाढदिवस नाही!" सगळे हसले. रेडिओ तुला आठवतो. तिथं पळण्याआधी हातातलं काय खुंट्याला बांधून गेलास, ते आठवत नाही. पुढचा दोर माझ्या हातात होता, रेमी. मागचा तुझ्या.

आईनं विचारलं, कुणी बांधला? तू म्हणालास, "क्लोनं." तू नऊ वर्षांचा होतास, ओठ पांढरे पडले होते. मी मनात म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या सप्टेंबरपर्यंत लांबला आणि सप्टेंबरात मला लाव्हालला नन्सच्या शाळेत ठेवलं. त्याआधी पापा गावभर सांगायचे, माझ्यामागं जलद्वार क्लो सांभाळणार, तिच्या हातांना पाणी कळतं. नंतर म्हणू लागले, हिच्या हाती दोर देऊ नका. नन्स चांगल्या होत्या. त्यांनी मला हे अक्षर दिलं, नीट बसायला शिकवलं, आणि गप्प राहणं हा सद्गुण आहे हेही शिकवलं. जलद्वार तुला मिळालं. मला कधी तक्रार करावीशी वाटली नाही, कारण मला वाटायचं, हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. तेवढ्यावर मी जगले.

काल वृद्धाश्रमात पापांना भेटायला गेले. त्र्याण्णव वर्षांचे झाले, पण नदीबद्दल विचारतात ते अजून नेमकं. "या सहलीत हौदात मागचा दोर कुणी धरला?" म्हटलं, रेमीनं. ते हसले. "डाव्या हातानं?" मग त्यांनी केकच्या खोक्याची सुतळी उचलली आणि उरलेल्या तीन बोटांनी सावकाश एक गाठ बांधली, उलट्या वळणाची. म्हणाले, "कुऱ्हाड घालताना पाहिली होती. डावखुऱ्याची गाठ. तुझी नव्हती." माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मग मला का पाठवलंत, पापा?" त्यांनी चमचा मुरंब्याच्या बरणीत ठेवला. "तो मोडला असता. तुला झेपेल असं वाटलं."

झेपलं, रेमी. सगळ्यांना वाटलं तसंच झेपलं.

निघताना त्यांनी माझा हात धरून बजावलं, "रेमीला सांगू नकोस हं मला ठाऊक आहे ते. त्याच्या जिवाला लागेल." त्र्याण्णवाव्या वर्षीही काळजी तुझ्याच जिवाची. मी मान डोलावली, ही माझी जुनी सवय. घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले, कारण या वेळी मी गप्प राहणार नाही. ती सुतळी सोबत पाठवते आहे. हातात घेऊन बघ, तुझी बोटं ती ओळखतील. ज्युस्तिन ऑक्टोबरच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला येणार आहे. त्याआधी तिला मांडीवर घेऊन ती गोष्ट पुन्हा सांग, या वेळी तुझं नाव घालून. नदीनं मला काय म्हणायचं ते म्हणू दे. पण त्या पोरीनं पुन्हा माझ्यापुढं बिस्किटं सरकवता कामा नयेत. तू सांगितलं नाहीस, तर मी सांगेन.

मोठी बहीण म्हणून आजवर गप्प बसलेली, तुझीच,
क्लोतिल्द