आईच्या बोटावरचा खडा

गिरीज, मंगळवार, संध्याकाळ

आज लॅबमध्ये लेझर जुळवताना मी गॉगल काढला. काढायचा नसतो, पण तो लावून आरसे धड दिसत नाहीत, म्हणून सगळेच काढतात. लेझरचा किरण तर नुसत्या डोळ्यांनाही दिसत नाही. तेव्हापासून डाव्या डोळ्यापुढे करडा ठिपका आहे. वाडीतल्या माडांकडे बघितलं, तिथेही ठिपका. थकवा असेल का? सरांना सांगितलं तर लॅब बंद होईल, माझी पीएचडी अडकेल. आणि नाही सांगितलं तर?

ओट्यावर आईसोबत तांदूळ निवडत बसले. माझ्या ताटातला खडा तिने बोटावर धरला. "हा दिसला नाही तुला?"

मी उजवा डोळा मिटून खड्याकडे बघितलं. आई दिसत होती, तिचा हातही. खडा नव्हता.